आधी गुरांची तारीख ठरवा, मग खताचे बोला

वाचकाचे पत्र

आमचे गाव खानापूर तालुक्यात मलप्रभेपासून थोड्या अंतरावर आहे. घरची चार एकर जमीन असून अडीच एकरात भात आणि दीड एकरात ऊस असतो. डीएपी खताच्या पिशव्या दरवर्षी वाढत गेल्या, पिकाचा उतारा मात्र आहे तिथेच आहे. जमीन टणक झाली आहे आणि बोअर मार्चमध्येच आटते. आमच्या स्त्री शक्ती संघात आम्ही चौदा जणी असून शिल्लक 60,000 रुपयांच्या आसपास आहे. मध्यंतरी एका वक्त्यांनी गावात येऊन सांगितले की, रासायनिक खत एकदम बंद करा आणि आमचे जिवाणूंचे द्रावण सोडा, म्हणजे एका वर्षात जमीन सुधारेल. संघातील काहींना गांडूळ खताचे बेड घ्यायचे आहेत, तर काहींना उसाचे पाचट, म्हणजे सुका पाला, बारीक करणारे यंत्र. गेल्या वर्षी मी भातानंतर मसूर पेरला होता, तो मोकळ्या गुरांनी खाल्ला. आणि उसात राखलेले पाचट शेजारच्या फडाची आग येऊन जळून गेले. घरचे म्हणतात, “एकटीने गाव सुधारायला निघू नकोस.” आम्ही सुरुवात कशापासून करावी?

— एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही खताविषयी, जिवाणूंविषयी आणि यंत्राविषयी विचारले आहे. परंतु ज्या दोन गोष्टी तुमच्या हातून निसटल्या, त्या यांपैकी कशाच्याही अभावामुळे निसटलेल्या नाहीत. मसूर पेरण्याचा तुमचा निर्णय योग्य होता, पाचट न जाळण्याचा निर्णयही योग्य होता, आणि दोन्ही वेळा नुकसान बांधापलीकडून आले. म्हणून माझा सल्ला असा आहे की, संघाच्या शिलकीतील एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी तुम्ही एकमेकांना लागून असलेल्या दहा-पंधरा एकरांचा एक सलग पट्टा निवडावा आणि त्या पट्ट्यापुरत्या दोन गोष्टी सर्वांच्या संमतीने ठरवून घ्याव्यात: सुगीनंतर गुरे कोणत्या तारखेला सोडायची आणि आग लावायचीच झाली तर ती कोणी, कधी आणि कशी लावायची. संपूर्ण गावाला एकदम बरोबर घेण्याचा हट्ट नको, आणि आपापल्या विखुरलेल्या तुकड्यांत चौदा ठिकाणी चौदा प्रयोगही नकोत. चौदा जणींची जमीन एके ठिकाणी असण्याची शक्यता कमी आहे. तेव्हा पट्ट्यात संघाबाहेरचे शेतकरी येतील, कदाचित शेजारच्या कन्नड भाषक वाडीतील एक-दोन घरेही येतील, आणि त्यांना पहिल्या बैठकीपासूनच बरोबर घ्यावे लागेल.

मी गुरांपासून सुरुवात करायला का सांगतो, ते नीट मांडतो. जमीन पुन्हा जिवंत करणाऱ्या शेतीची जी पद्धत आज सर्वत्र सांगितली जाते, तिचा गाभा एवढाच आहे की माती उघडी ठेवू नये, ती कमीत कमी हलवावी, आणि वर्षातील जास्तीत जास्त महिने तिच्यात कोणती तरी जिवंत मुळे असावीत. आपल्याकडे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि खानापुरात तो धो धो पडतो. त्यानंतर भाताची कापणी झाली की पुढच्या वळवापर्यंत जमीन बहुतेक ठिकाणी उघडी, तापत पडलेली असते. नेमका हाच काळ मुळे आणि आच्छादन टिकवण्याचा आहे, आणि नेमक्या याच काळात रूढीप्रमाणे सारे शिवार सर्वांच्या गुरांना मोकळे असते. ज्या भागांत चराई बंद आहे किंवा शेतांना कुंपण आहे, तिथे लिहिलेली पुस्तके या अडचणीचा उल्लेखही करत नाहीत. आपल्याकडे मात्र पुढचे सारे या एका अडचणीवर अडलेले आहे.

ही अडचण सोडवताना गुरे राखणाऱ्यांना दोषी ठरवू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा अर्धा-पाऊण एकरच आहे आणि दोन म्हशींच्या दुधावर ज्यांचा आठवडा चालतो, त्यांच्यासाठी सुगीनंतरचे मोकळे शिवार हाच चारा असतो. ‘चराई बंद’ असा फलक लावून त्यांचा चारा काढून घेतला, तर पहिल्याच महिन्यात रात्रीची गुरे तुमच्या पट्ट्यात शिरतील आणि बोलण्याची सोयही उरणार नाही. त्याऐवजी पट्टा फक्त मसूर निघेपर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत राखायचा, उरलेले शिवार नेहमीप्रमाणे मोकळे ठेवायचे, आणि बदल्यात मसुराचे भुसकट व बांधावरचे कापलेले गवत गुरे राखणाऱ्या घरांना द्यायचे, असा व्यवहार समोर ठेवावा. भुसकट मसुराचे असल्याने म्हशी ते आवडीने खातात, त्यामुळे हा देकार नुसता शिष्टाचाराचा राहत नाही.

हे ठरवायचे कुठे? माझ्या मते ग्रामपंचायतीच्या कार्यालयापेक्षा देवळात, पंचांसमोर. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील कित्येक गावांत आजही वार पाळणूक होते. पंच वार जाहीर करतात आणि त्या दिवशी कोणीही शेतात औत घेऊन जात नाही, मग कोणाचे काम कितीही अडलेले असो. सर्वांनी मिळून एक तारीख पाळण्याची सवय आणि ती पाळायला लावणारी माणसे आपल्या गावांत अशी आधीपासून आहेत, ती नव्याने घडवावी लागत नाहीत. त्याच पंचांनी ‘अमुक नाल्यापासून तमुक बांधापर्यंत शिवरात्रीपर्यंत गुरे सोडायची नाहीत’ असे जाहीर केले, तर तो शब्द कागदावरच्या ठरावापेक्षा अधिक चालतो. एक अडचण आहे: पंचांच्या बैठकीत बायका बसत नाहीत, असे तुमच्या गावी असू शकेल. तसे असल्यास संघातील दोघी-तिघींनी घरच्या पुरुषांबरोबर जाऊन मागणी स्वतःच मांडावी, कारण भुसकट, राखण आणि पेरणी यांचा हिशेब तुम्हालाच ठाऊक आहे. राखणीसाठी घराघरांनी पाळी लावावी, किंवा मसूर निघेपर्यंत एखाद्या गुराख्याला धान्य आणि रोख मिळून मोबदला द्यावा. संघाच्या पैशाचा हा पहिला सार्थ खर्च ठरेल.

मसूर काढल्यानंतर याच पट्ट्यात मेंढ्या बसवता आल्या तर फारच उत्तम. चिकोडी, रायबाग, अथणी भागांतील धनगर-कुरबर आपली खांडे घेऊन आपल्या बाजूला येत असतात. एकेकट्या शेतकऱ्याच्या अर्ध्या एकरात कळप बसवणे त्यांना परवडत नाही, परंतु सलग दहा-पंधरा एकर मिळाले तर ते आनंदाने थांबतात, आणि लेंडी-मूत्र वाहून न नेता थेट रानातच पडते.

मसुराविषयी थोडे. बेळगावलगतच्या येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या काळ्या, ओल धरणाऱ्या शिवारात भातानंतर मसूर, वाटाणा, हरभरा उरलेल्या ओलीवर येतो, हे तुम्ही ऐकले असेल. तुमच्याकडची माती बहुधा तांबडी-जांभी असून ती ओल लवकर सोडते. त्यामुळे पट्टा निवडताना नाल्याच्या बाजूची, सखल भाताची खाचरे निवडावीत आणि कापणी झाल्यावर नांगर न घालता दोन-चार दिवसांतच कुरीने, म्हणजे पाभरीने, पेरणी उरकावी, कारण नांगरट केली की उरलेली ओल उडून जाते. एकरी साधारण 15 किलो बी लागते. पेरणीपूर्वी दर 10 किलो बियाण्याला रायझोबियम जिवाणूंचे 250 ग्रॅमचे एक पाकीट चोळावे, म्हणजे मुळांवर नत्राच्या (नायट्रोजनच्या) गाठी चांगल्या धरतात. वरच्या, लवकर सुकणाऱ्या तुकड्यांत मसुराचा आग्रह न धरता कुळीथ टाकावा. गव्यांचा आणि रानडुकरांचा त्रास असलेल्या जंगलकडेच्या खाचरांना मात्र पहिल्या वर्षी पट्ट्यात घेऊ नये. एका आघाडीवरची राखणच पुरे होते.

आता आगीविषयी. एक एकर उसातून साधारण 3 ते 4 टन सुके पाचट निघते आणि त्यात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे एकराचे पाचट पेटवले की 15 ते 20 किलो नत्र धुरात जाते. युरियाच्या 45 किलोंच्या एका पिशवीत साधारण 20 किलो नत्र असते, हे लक्षात घेतले तर हिशेब आपोआप होतो. पालाश (पोटॅश) राखेत उरतो खरा, पण सेंद्रिय द्रव्य जाते आणि मातीच्या वरच्या थरातील जीवही होरपळतात. तरीही लोक जाळतात, कारण पाचटामुळे पाणी देणे, खत देणे आणि बुडखे छाटणे कठीण होते आणि उंदरांची भीती वाटते. ही कारणे खोटी नाहीत. म्हणून पट्ट्यातील ऊसवाल्यांशी बोलताना ‘जाळू नका’ एवढेच सांगू नका. पाचट एका आड एक सरीत ओढून घ्यायचे आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यायचे, म्हणजे पाणीही कमी लागते. दर टन पाचटावर 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे 1 किलो जिवाणू संवर्धन शेणकाल्यात कालवून टाकावे आणि वर हलके पाणी द्यावे. पावसाळ्यापर्यंत त्याचे बरेचसे खत होते. एवढे करूनही जो शेतकरी ऐकणार नाही, त्याच्याशी निदान इतके ठरवा की, आग लावण्यापूर्वी आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगायचे, वारा पडल्यावर संध्याकाळी लावायची, आणि दोन फडांच्या मध्ये दहा-बारा फुटांची पट्टी पाचट ओढून पूर्ण मोकळी करायची. या पट्टीचे काम दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून करायचे आहे. तुमचे पाचट वाचवणे ही तुमचीही गरज आहे.

वरच्या प्रमाणात युरिया पाहून तुम्ही चकित झाला असाल. वक्त्यांनी ‘एकदम बंद करा’ असे सांगितले आणि मी मात्र पाचटावर युरिया टाकायला सांगतो आहे. कारण असे की, पाचटात कर्ब फार आणि नत्र फार थोडे असते. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागते, ते त्यांना पाचटातून मिळाले नाही तर ते मातीतून उचलतात, आणि त्या काळात पीक पिवळे पडते. पहिल्याच वर्षी रासायनिक खत पूर्ण थांबवून काड-कचरा मातीत घालणाऱ्या शेतकऱ्यांचा उतारा याच कारणाने घसरतो आणि मग ते कायमचे माघारी फिरतात. दरवर्षी चौथा हिस्सा कमी करत, मातीत काय वाढले ते तपासत जाणे, हाच आपल्यासारख्या लहान शेतकऱ्यांना परवडणारा मार्ग आहे.

‘एका वर्षात जमीन सुधारेल’ या आश्वासनाचाही हिशेब करून पाहू. एक एकरातील वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे 9 लाख किलो भरते. तिच्यातील सेंद्रिय कर्ब केवळ 0.1 टक्क्याने वाढवायचा म्हटले तरी 900 किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. सुक्या काडी-कचऱ्यात कर्ब सुमारे 40 टक्के असतो आणि कुजताना त्यातील बहुतांश हवेत जातो. ढोबळमानाने पाचवा हिस्सा टिकला असे धरले, तर एकरी सुमारे अकरा टन सुका काडी-कचरा लागेल. म्हणजे तीन वर्षे पाचट अजिबात न जाळता जेवढे साठेल, तेवढे. बाटलीतील द्रावणाने हे वजन कोठून येणार? जिवाणूंना खायला काही नसेल तर ते टाकून उपयोग नाही, आणि खायला असेल तर मातीतील, शेणातील जिवाणू बऱ्याच अंशी स्वतःच वाढतात. जीवामृताचेही तेच आहे. 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती 200 लिटर पाण्यात आंबवून एकराला द्यायचे, हे तुम्ही करू शकता, त्याला खर्च थोडा आहे. पण ते आच्छादनाबरोबरचे विरजण आहे, आच्छादनाच्या जागी चालणारे नाही. विकत मिळणाऱ्या द्रावणावर संघाचे पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

डीएपीच्या वाढत्या पिशव्यांचे कारण मला वेगळेच दिसते. तांबड्या-जांभ्या, जोरदार पावसाने धुतल्या गेलेल्या मातीचा सामू (पीएच) बहुधा आम्लधर्मी असतो आणि तिच्यात लोह व अॅल्युमिनियम भरपूर असते. अशा मातीत डीएपीतून टाकलेला स्फुरद (फॉस्फरस) त्यांच्याशी बांधला जातो आणि पिकाला मिळत नाही. शेतकऱ्याला वाटते खत कमी पडले, तो आणखी टाकतो, तेही बांधले जाते. सामू फारच खाली असेल तर आधी चुना द्यावा लागतो, आणि स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट अशाच मातीत चांगले लागू पडते, कारण आम्लामुळे ते हळूहळू विरघळते. शेणखतात मिसळून दिल्यास आणखी बरे. तुमचे सर्वांत मोठे बिल कदाचित याच एका बदलाने खाली येईल, परंतु मातीची तपासणी केल्याशिवाय चुन्याचे प्रमाण कोणीही सांगू नये आणि तुम्ही कोणाचे ऐकू नये.

संघाच्या शिलकीविषयी. गांडूळ खताचे बेड घेऊ नका. गांडुळांना सावली, भरपूर शेण आणि रोजचा ओलावा लागतो; ज्या गावात बोअर मार्चमध्ये आटते तिथे एप्रिल-मेमध्ये बेडवर पाणी मारायला बायकांनाच घागरी वाहाव्या लागतील आणि गांडुळे तरीही मरतील. पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप टाकी तुमच्यासाठी अधिक योग्य आहे, कारण तिला शेण फार थोडे लागते. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच अशा जाळीदार टाकीत सुमारे 1,400 ते 1,500 किलो काडी-कचरा, 90 ते 100 किलो शेण आणि 1,750 किलो चाळलेली माती थराथराने भरून वरून शेणमातीने लिंपली की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. ती विटांचीच हवी असे नाही. आपल्या तालुक्यात बांबू मुबलक आहे, त्याची जाळी पुरते. सुरुवातीला पट्ट्याच्या दोन टोकांना दोन टाक्या पुरेत. शेणाच्या गोवऱ्या थापणे ज्या घरांना थांबवता येईल त्यांनी थांबवावे, एवढे सुचवून ठेवतो. चुलीची गरज असेल तिथे आग्रह नको.

यंत्रही विकत घेऊ नका. पाचट कुट्टी करणारे यंत्र चालवायला मोठा ट्रॅक्टर लागतो, ते वर्षातून काही आठवडेच चालते, आणि त्याची पाती, बेअरिंग व चालक यांची जबाबदारी चौदा जणींवर येऊन पडते. कर्नाटकात होबळी, म्हणजे तालुक्यातील काही गावांचा गट, या पातळीवर कृषी यंत्रधारे या नावाची भाडेतत्त्वावरील केंद्रे आहेत. तिथे काय उपलब्ध आहे ते विचारावे, आणि सलग पट्ट्याची मागणी एकत्र नोंदवावी, कारण अर्ध्या एकरासाठी यंत्र आणायला कोणी तयार होत नाही, दहा एकरांसाठी होतो. शिलकीतून राखणीचा मोबदला, मसुराचे बी आणि दोन टाक्या एवढेच करावे. बियाण्याचे पैसे सुगीला बियाण्याच्याच रूपाने, सवाईने परत घ्यावेत. उरलेली रक्कम हात न लावता ठेवावी.

एक काम असे आहे ज्याला पैसे लागतच नाहीत आणि गुरांचे भांडणही नाही. पुढच्या जूनमध्ये पट्ट्याच्या सर्व बांधांवर गिरिपुष्पाच्या, म्हणजे उंदीरमारीच्या, अंगठ्याएवढ्या जाड फांद्या दोन-तीन हातांवर लावाव्यात. तिच्या पाल्याला उग्र वास असल्याने मोकळी गुरे सहसा तोंड लावत नाहीत. दुसऱ्या वर्षापासून छाटणी मिळू लागते. हिरवा पाला भाताच्या चिखलात किंवा नाडेप टाकीत घालावा, त्यात नत्र चांगले असते आणि तो झपाट्याने कुजतो. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, कुरीने भात पेरणाऱ्यांना पेरणीआधी ताग किंवा धैंचा वाढवून गाडायला वेळच मिळत नाही, म्हणून आपल्याकडे हिरवळीच्या खताची शिफारस कागदावरच राहते. बांधावरचा पाला ही उणीव भरून काढतो.

नांगरट कमी करण्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी टणक जमिनीच्या तक्रारीवरून दोन शब्द. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी सगुणा तंत्र विकसित केले आहे. त्यात कायमचे गादीवाफे करून चिखलणी, लावणी आणि नांगरट टाळली जाते आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात. उसाच्या बाबतीत कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणीचा मार्ग बरीच वर्षे चोखाळला आहे. तुम्ही पूर्वीपासून कुरीने पेरणी करत असाल तर लावणीशिवायचा भात तुम्हाला नवखा नाही, त्यामुळे दहा गुंठ्यांत प्रयोग करून पाहायला हरकत नाही. मात्र अडचण तणाची आहे. सगुणा तंत्रात तणनाशकाचा आधार घेतला जातो. तो टाळायचा तर पहिले चाळीस दिवस भांगलण (खुरपणी) वेळेवर झाली पाहिजे, आणि भांगलण कोणाच्या कमरेवर येते हे तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच मी याला पहिल्या वर्षाच्या कामांत ठेवत नाही.

बोअरसाठी पट्ट्याकडेच्या नाल्यावर वनराई बंधारा घालावा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात धार बारीक झाल्यावर, जिथे काठ उंच आणि पात्र अरुंद आहे तिथे तो एका दिवसाच्या श्रमदानात होतो. ग्रामपंचायतीला आधी कळवावे आणि वरच्या अंगाच्या वाडीलाही त्यांच्या हद्दीत असाच एक घालायला सांगावे, म्हणजे गाळ वर अडेल आणि खालच्यांशी कुरबुरही होणार नाही. बोअर मे महिन्यापर्यंत चालेल असे आश्वासन मी देणार नाही. मसुराला एखादे संरक्षित पाणी आणि गुरांना पिण्याची सोय एवढे निश्चित साधते.

कागदपत्रांचे थोडक्यात. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून बियाणे, चुना किंवा अन्य काही सवलतीत घ्यायचे तर एफआयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, लागतो आणि तो जमिनीच्या उताऱ्यावरच्या नावाशी जुळावा लागतो. कित्येक घरांत उतारा अजून आजोबांच्याच नावावर आहे, त्यांनी वारस नोंदीचे काम याच हिवाळ्यात सुरू करावे. अर्ज कन्नडमध्ये असतात, तेव्हा कन्नड शाळेत शिकलेल्या एखाद्या मुलीला किंवा सुनेला संघाचे लेखनिक करा आणि तिला त्याबद्दल काही मानधन द्या. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या मागे सध्या लागू नका. पाच किंवा अधिक शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची हमी देऊन मिळवायच्या प्रमाणपत्राची पीजीएस पद्धत आहे, पण तिला रूपांतराची काही वर्षे लागतात आणि तुम्ही खत अजून टप्प्याटप्प्याने कमी करणार आहात. बेळगावात ओळखीच्या घरांना इंद्रायणी आणि मसूर थेट विकायला कोणत्याही शिक्क्याची गरज पडत नाही. ‘सेंद्रिय’ हा शब्द मात्र पिशवीवर लिहू नका.

तुमच्या घरच्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही, आणि तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांच्याकडून फक्त अर्धा एकर मागून घ्या, आणि शेजारचा अर्धा एकर नेहमीच्या पद्धतीने त्यांनीच करावा. बी एकच, पेरणी एकाच दिवशी, आणि दोन्हींचा खर्च एकाच वहीत दोन बाजूंना लिहायचा. त्यात तुमची स्वतःची मजुरीही धरायची, कारण ती धरली नाही तर आकडे तुमच्या बाजूने खोटे झुकतील. कापणीला दोन्ही तुकड्यांत मधोमध 5 मीटर बाय 5 मीटरचा चौकोन आखून तेवढेच भात वेगळे मळायचे आणि त्यांच्यासमोर वजन करायचे. पहिल्या वर्षी उत्पन्न सारखे आले आणि खर्च थोडा कमी झाला, तरी पुढच्या वर्षी दुसरा अर्धा एकर मिळवायला ते पुरेसे आहे.

सुगी तोंडावर आली आहे, त्यामुळे कामांचा क्रम वेळेनेच ठरतो. पंचांशी बोलणे भाताची पहिली पेंढी कापण्याआधी व्हायला हवे. गुरे सुटल्यानंतर कोणी ऐकत नाही. कापणी झाल्याबरोबर, मसूर पेरण्याच्या आधी, प्रत्येक खाचरातून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन सहा ते आठ इंच खोलीपर्यंतची माती काढावी, ती एकत्र करून चार भाग करत अर्धा किलो उरवावी आणि सावलीत वाळवून कापडी पिशवीत नाव, सर्व्हे नंबर व पिके लिहून आपल्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोप्प येथील कृषी विज्ञान केंद्रात द्यावी. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नये. अहवाल हाती आला की सामू, सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध स्फुरद हे तीन आकडे मला कळवा, म्हणजे चुना किती घालायचा आणि येत्या हंगामात डीएपीच्या किती पिशव्या कमी करता येतील, ते नेमके सांगता येईल.